रात्री पावणेतीनला कसारा घाटात गाडी का थांबली? (ट्रक ड्रायव्हरवरची नजर, अनुभव हवेत)

रातपाळी_चाकण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय तसा रुक्ष आहे पण आठवडाभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कंट्रोल रूममधे आहे, तीन वर्षं झाली. ड्युटी रात्री दहा ते सकाळी सहा. समोर दोन स्क्रीन, त्यावर नकाशा आणि दीडशेच्या वर ठिपके. हिरवा म्हणजे गाडी पळतेय, पिवळा म्हणजे इंजिन चालू पण गाडी उभी, लाल म्हणजे बंद, करडा म्हणजे नेटवर्क गेलं. मंजूर हॉल्ट सोडून कुठंही लाल ठिपका तीस मिनिटांच्या वर गेला की ड्रायव्हरला फोन लावायचा, कारण विचारायचं, सिस्टिममधे टाकायचं. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे.

गेल्या गुरुवारी रात्री २:४५ ला एक गाडी, भिवंडीहून पिथमपूरला (इंदूरजवळ) निघालेली, कसारा घाटात ४८ मिनिटं लाल. वरून फ्युएल सेन्सरचा अलर्ट: टाकीतलं डिझेल अचानक २२ लिटरनी कमी. म्हणजे आमच्या भाषेत सरळ चोरी. फोन लावला. ड्रायव्हर पन्नाशीतले, मी त्यांना काकाच म्हणते. पहिल्यांदा काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "मॅडम, पोट बिघडलंय संध्याकाळपासून, आता हे पण सांगायचं का तुम्हाला?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं.

पुढची गंमत (गंमत कसली) म्हणजे कारण टाकायला जी यादी येते त्यात टायर, ब्रेकडाऊन, ट्रॅफिक, पोलिस, जेवण आणि "विनापरवाना" एवढेच पर्याय. पोटाचं काही नाही. जेवण टाकलं असतं तर पावणेतीनला घाटात कुठलं जेवण म्हणून सकाळी मलाच विचारलं असतं. मी विनापरवाना टाकलं. सोमवारी कळलं की काकांच्या हिशोबातून २२ लिटरचे पैसे कापायला सांगितलेत, म्हणजे दोन हजाराच्या आसपास.

तर विचारायचं असं की बाकी कंपन्यांमधे हे कसं चालतं? आणि मी काय करायला हवं होतं?

सांगलीकर_मोटारमालक

ताई तुमचं मन चांगलं आहे पण एक बाजू ऐका. माझ्या चार गाड्या आहेत, चारीवर हप्ते. जीपीएस बसवायच्या आधी एक गाडी लिटरला चार किलोमीटरच्या जागी सव्वातीनचं अ‍ॅव्हरेज द्यायची, मी मिस्त्रीकडे पंप दाखव, नोझल दाखव करत फिरतोय, आणि ड्रायव्हर दर ट्रिपला एका ठराविक ढाब्यामागं पाइप लावून पन्नास लिटर काढतोय. मीच धरला त्याला, पाइप तोंडात होता. तेव्हापासून माझा विश्वास ठिपक्यावर, माणसावर नाही. रात्री झोपताना फास्टॅगचे मेसेज बघतो. खेड शिवापूर आला, आनेवाडी आला, तासवडे आला, किणी आला की समजायचं गाडी कोल्हापूरला टेकली. ज्या दिवशी तासवडेचा मेसेज वेळेत येत नाही त्या दिवशी बायको म्हणते तुम्ही गाडीशी लग्न करायचं होतं.

पोट बिघडलं तर ४८ मिनिटं लागतात का? विचारतोय फक्त.

तिसरी_लेक

सांगलीकर, लागतात. पाणी शोधायला पण वेळ लागतो घाटात.

डबा_बसवणारा

मी ते जीपीएसचे डबे आणि डिझेलचे सेन्सर बसवायचं काम करतो, वाशी, कळंबोली, भिवंडी सगळीकडे. रातपाळीताई, एक विचारू? गाडी चढावर उभी होती ना? भिवंडीहून नाशिककडे म्हणजे नाक वर, शेपूट खाली.

मग तुमचे २२ लिटर टाकीतच आहेत. सेन्सर म्हणजे टाकीत उभी सोडलेली एक दांडी असते, ती डिझेलात कुठवर भिजलीय तेवढं सांगते. दांडी टाकीच्या बरोब्बर मधोमध असली तर चढउताराचा फरक कमी पडतो, पण मधे जागा नसते, कधी पट्टा आडवा येतो, मग पोरं पुढच्या टोकाला भोक पाडून मोकळी होतात. गाडी चढावर थांबली की डिझेल मागं जातं आणि दांडीला वाटतं टाकी रिकामी होतेय. चालत्या गाडीत सॉफ्टवेअर हिंदकळणं सरासरी काढून पुसून टाकतं पण उभ्या गाडीत ते तसंच दिसतं.

पुढं सपाटीला गाडी आल्यावर लेव्हल बघा. घोटी टोलच्या आसपासचं रीडिंग काढा. डिझेल "वाढलेलं" दिसेल आणि पंपाचं बिल नसेल. मालक लोक खालीवरचा ग्राफ बघतच नाहीत, अलर्टचा मेसेज बघतात.

रातपाळी_चाकण

हे मला तीन वर्षांत कुणीच सांगितलं नाही. आज ड्युटीवर गेले की काढते.

घाटवाट

कसाऱ्यातून का पण? समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मधे सुरू झालाय की, घाटच नको.

रातपाळी_चाकण

टोल. रूट ऑफिसातून ठरतो, जुना रस्ता स्वस्त पडतो. ड्रायव्हर स्वतःहून समृद्धीवर चढला तर "रूट डेव्हिएशन"चा अलर्ट येतो आणि टोलचा फरक त्याच्याकडून.

बारा_टायर

मी स्वता ड्रायव्हर आहे २२ वर्षे झाली गाव आष्टी तालुका, मोबाईलवर टाईप करतोय चुकलं तर समजून घ्या. मॅडमनी लिहिलं ते बरं केलं कारण आमचं कोण लिहित नाही. आधी काय होतं की शेठ पीसीओवर फोनची वाट बघायचा आम्ही नाशिक सोडलं की एक फोन धुळ्याला एक फोन बास, मधे आम्ही राजे. आता फोन खिशात, डबा डॅशबोर्डमागं, फास्टॅग काचेवर, काही कंपन्या वरून आमच्या स्वताच्या सिमचं पण लोकेशन घेतात, संमतीचा मेसेज येतो त्याला होय पाठवायचं, नाही पाठवलं तर लोडिंग दुसऱ्याला. याला संमती म्हणत असतील तर म्हणा.

आणि आता कॅमेरा आलाय आत, तोंडाकडं बघणारा. डोळे मिटले की बोंबलतो, मोबाईल कानाला लावला की बोंबलतो, खरं सांगतो पहिल्या महिन्यात एकदा वाचलो पण त्याच्यामुळं, सेंधव्याच्या पुढं पहाटे डोळा लागला होता आन ते किंचाळलं. त्यामुळं मी त्याला शिव्या घालत नाही. पण मी गाणं म्हणतो गाडी चालवताना, सवय आहे, मोठा आ केला की त्याला वाटतं जांभई. सुपरवायझर म्हणला महिन्यात ६४ जांभया. म्हणलं साहेब त्यातल्या साठ अभंगाच्या आहेत. हसला, पण मार्क कापलेच.

आता माझा एक प्रश्न आहे मॅडमना. घाटात ४८ मिनिटं दिसली. बरोबर आहे दिसणारच. पण त्याच पिथमपूरला कंपनीच्या गेटाबाहेर मागच्या महिन्यात मी ३१ तास उभा होतो खाली करायला, नंबर लागेना, गाडी सोडून जाता येत नाही, संडास नाही, पाणी विकत. ते ३१ तास तुमच्या स्क्रीनवर कुठल्या रंगाचे असतात?

डबा_बसवणारा

६४ जांभया 😂😂 त्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावणारे पण भेटतात मला. आणि कॅमेरा झाकला की "कॅमेरा झाकला"चा वेगळा अलर्ट.

कलम_काकडे

वकील आहे, मोटार अपघात दाव्यांची कामं करतो, म्हणून थोडं कायद्याचं.

मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ मधे त्याची जागा २०२० च्या कामगार संहितेने घेतली. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९१, तोही याच तासांकडे बोट दाखवतो. म्हणजे तीस मिनिटं गाडी थांबली की फोन करणारी सिस्टिम बरोब्बर त्याच अर्ध्या तासावर घंटा वाजवतेय जो कायद्याने हक्काचा आहे. योगायोग असेल.

आता बारा_टायर यांच्या ३१ तासांचं. याच १९६१ च्या कायद्यात "कामाचे तास" कशाला म्हणायचं त्याची व्याख्या होती. गाडी चालू असतानाचं काम, त्याला जोडून येणारी कामं, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहायची वेळ, पण ती पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. १४ मिनिटं थांबलात तर काम, पुढे गेलं की कामात धरत नाहीत. २०२० च्या संहितेत जुने कामगार कायदे एकत्र केले तेव्हाही ही पंधरा मिनिटं तशीच पुढे आली. एसटीच्या स्टँडवर फेऱ्यांच्या मधे थांबणारा कंडक्टर डोळ्यासमोर धरला तर हे एक वेळ समजतं, कारखान्याच्या गेटावर दीड दिवस अडकलेला माणूस त्यात कुठंच बसत नाही.

आणि सांगलीकर, १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता. तुमचे चार ड्रायव्हर. क्लीनर धरला तर पाच.

सांगलीकर_मोटारमालक

क्लीनर परवाच पळून गेला. वाचलो म्हणायचं.

थट्टा जाऊ दे, त्या ३१ तासांचं दुखणं मालकाचं पण आहे हे लिहा कोणीतरी. गाडी गेटवर उभी म्हणजे माझा हप्ता उभा. हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) मागितलं की पार्टी (मालवाली कंपनी) म्हणते पुढचं भाडं दुसऱ्याला देतो. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) छापलेलं असतं २४ तासानंतर हॉल्टिंग लागेल, ते छापण्यापुरतंच. मी सात वर्षांत दोनदा घेतलंय, त्यातलं एकदा निम्मं.

नेवार्कचा_पाटील

अमेरिकेतून थोडी भर घालतो, मी इकडे ट्रकच्या लॉगबुकचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. इथे डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला, इंजिनालाच जोडलेला. ड्युटी सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवायचं, मग सलग १० तास सुट्टी. कागदी वही होती तेव्हा लोक दोन दोन वह्या ठेवायचे, ते बंद झालं. पण गेटवरची वाट इथेही तशीच आहे आणि बहुतेक ड्रायव्हरना पैसे मैलावर मिळतात. वेअरहाऊसमधे सहा तास गेले तरी १४ तासांचं घड्याळ थांबत नाही, मग उरलेल्या वेळात माणूस गाडी तुडवतो. सक्तीनंतर अभ्यास झाला तर निघालं की तासांचे नियम जास्त पाळले गेले, अपघात मात्र त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि लहान कंपन्यांच्या गाड्यांत स्पीडिंगसारखे प्रकार उलट वाढले.

आमच्या गावचा किस्सा सांगायलाच हवा. एका माणसाने कंपनीच्या पिकअपमधे, मालकाला आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून, लायटरच्या सॉकेटमधे लावायचा जीपीएस जॅमर लावला होता. तो नेवार्क विमानतळाजवळून गेला आणि विमानतळावरची उपग्रहावर चालणारी यंत्रणा गडबडली. शोधत शोधत त्याच्यापर्यंत पोचले आणि २०१३ मधे जवळपास ३२ हजार डॉलर दंड लावला. साहेबापासून लपायला गेला आणि विमानांना सापडला.

डबा_बसवणारा

ते जॅमर आपल्याकडे पण मिळतात. वापरू नका, बेकायदा आहे. आणि उपयोग पण नाही, एका गाडीचा सिग्नल सारखा त्याच टप्प्यात जातो हे ऑफिसात दोन ट्रिपमधे लक्षात येतं. त्यापेक्षा वायर उंदरानं कुरतडली हे जुनं कारण अजून चालतं. एका ड्रायव्हरच्या गाडीत तीन महिन्यांत चार वेळा उंदीर झाला.

मनमाड_जंक्शन

पानेवाडीच्या तेल डेपोतून टँकर चालतात आमचे. तुमचं तीस मिनिटाचं कौतुक ऐकून हसू आलं. आमच्याकडे टाकीच्या झाकणाला आणि व्हॉल्व्हला इलेक्ट्रॉनिक कुलूप, पंपावर पोचलं की ओटीपी येणार तेव्हा उघडणार. रस्ता ठरलेला, त्या पट्टीच्या बाहेर गाडी गेली की थेट तेल कंपनीच्या सिस्टिमला कळतं, आमच्या शेठला नंतर. शेठच घाबरून असतो.

पण खरं बोलायचं तर इथं कुणी त्याविरुद्ध फार बोलत नाही. २५ जानेवारी २०११ आठवतंय ना. अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं ते इथंच, आमच्या रोजच्या रस्त्यावर. त्या काळात टँकर वाटेत कुठंही वळायचा, अर्धा तास गायब व्हायचा, आणि परत यायचा. ड्रायव्हरला विचारायचं नाही, ड्रायव्हरनं बोलायचं नाही. आता कुलूप आहे म्हणून मला कोणी धाबेवाला "चल दोनशे लिटर काढ" म्हणून दमदाटी करू शकत नाही, चावीच माझ्याकडे नाही. एवढा फायदा आहे कुलपाचा, तो पण लिहून ठेवा.

जाणता_राजे९६

सगळे ड्रायव्हर दारू पिऊन चालवतात, कॅमेरा काय, खुर्चीला करंट लावला पाहिजे

कलम_काकडे

असं सरसकट नको. जानेवारी २०२४ चा ड्रायव्हर लोकांचा संप हिट अँड रनच्या नव्या शिक्षेवरून का झाला ते वाचा आधी, मग बोलू.

तिसरी_लेक

जाणता_राजे, माझे पप्पा २८ वर्षं चालवतात, माळकरी आहेत.

मी वेगळंच लिहायला आले होते. मला ते लोकेशन आवडतं. म्हणजे आम्ही लहान असताना पप्पा गेले की गेले, आई रात्री रेडिओच्या बातम्यांत अपघात ऐकला की गाडी नंबर सांगतात का म्हणून कान लावून बसायची. २०२० च्या लॉकडाऊनमधे पप्पा औषधाचा माल घेऊन गेले होते, तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या एका दादांनी, पार्टीला पाठवतात ती लाइव्ह लिंक मला पण पाठवली. नियमात बसत नसेल, पण पाठवली. चार दिवस ठिपका बॉर्डरवर एकाच जागी. फोन लागत नव्हता, पण ठिपका दिवसातून दोनदा शंभर एक फूट सरकायचा, म्हणजे रांग पुढं गेली, म्हणजे पप्पा जागेवर आहेत. आई देवाला दिवा लावला की मला विचारायची, हलला का गं.

अजून पण ट्रिपला निघाले की लिंक मागून घेते. फोन कधी करायचा ते मला ठिपक्यावरून कळतं, हिरवा असताना करत नाही. ऑफिसवाले बरोबर उलटं करतात, गाडी चालू असताना फोन करतात "कुठं पोचलास" म्हणून, समोर दिसत असताना. मग फोन उचलला की कॅमेरा दंड लावतो.

बारा_टायर

ताई तुम्ही माझ्या मनातलं लिहिलं. उचलला तर कॅमेरा, नाही उचलला तर साहेब.

अजून एक सांगायचं राहिलं, नवीन गाड्यांना एसी आलाय, २०२५ मधे नवीन बनणाऱ्या मोठ्या ट्रकला सरकारनं कंपल्सरीच केलाय. चांगलंच झालं, मे महिन्यात केबिनमधे भाकरी भाजते. पण एसी इंजिनावर चालतो. दुपारी दोन तास झोपायला एसी लावला की तुमचा पिवळा ठिपका, इंजिन चालू गाडी उभी, डिझेल वाया. मेसेज येतो इंजिन बंद करा. मग एसी दिला कशाला, फोटोला?

मॅडम तुम्ही रंगाचं उत्तर दिलं नाही अजून.

रातपाळी_चाकण

बारा_टायर, उत्तर द्यायला उशीर झाला कारण मलाच माहीत नव्हतं. म्हणजे रंग माहीत होता, लालच असतो. पण गेटवरच्या गाड्यांना मी आजवर कधी फोन का केला नाही हे लक्षातच आलं नव्हतं. काल सिस्टिमवाल्या मुलाला विचारलं. पार्टीच्या कारखान्याभोवती नकाशावर जो गोल मारलेला असतो त्याच्या आत गाडी शिरली की तीस मिनिटांचा अलर्ट बंद होतो. गाडी "पोचली" म्हणून धरतात. गेटाबाहेरची रांग पण त्या गोलातच येते. म्हणजे तुमचे ३१ तास लाल होते, फक्त वाजत नव्हते.

डबा_बसवणारा, तुमचं शंभर टक्के खरं निघालं. घोटीच्या टोलला ४:१० ला टाकीत १९ लिटर वाढलेले दिसतायत, बिल नाही, गाडी तर तिथं थांबली पण नाही. ग्राफ प्रिंट काढून साहेबांकडे गेले. ते दोन मिनिटं बघत बसले, मग म्हणाले १९ चे परत देऊ, बाकी ३ कुठे गेले? मी म्हटलं सर सेन्सरमधे तेवढा फरक येतोच. म्हणाले बघू.

मग धीर करून दुसरा कागद पण पुढे केला. पिथमपूरच्या त्या एका गेटवर गेल्या चार महिन्यांत आमची प्रत्येक गाडी किती तास उभी होती. डेटा सगळा आहे, सेकंदासकट, आत आली कधी, बाहेर पडली कधी. फक्त तसा रिपोर्ट कोणी मागितलेला नाही म्हणून तो मेनूत नाही, मी एक्सेलमधे हाताने केला, दोन रात्री लागल्या. सरासरी २२ तास येतेय. साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाले हा मेल करू नकोस कुणाला, पार्टी मोठी आहे.

हां, आणि यादीत नवीन कारण टाकलंय माझ्या सांगण्यावरून, "वैयक्तिक". कमाल मर्यादा दहा मिनिटं.

तिसरी_लेक

दहा 🙏

सांगलीकर_मोटारमालक

ताई तुमच्या साहेबानं कागद उलटा ठेवला, मी सुलटा ठेवून रडलो असतो. पण खरंच सांगतो, तो एक्सेल कसा केला ते जरा लिहा ना इथं. माझ्या चार गाड्यांचा काढतो. मला कुठं मोठी पार्टी गमवायचीय, आहे तीच बारकी. निदान बिल्टी दाखवताना हातात काहीतरी असेल.

रातपाळी_चाकण

लिहिते, आज रात्री शांत असेल तर. तुमच्या अ‍ॅपमधे "जिओफेन्स इन आउट" (त्या नकाशावरच्या गोलात गाडी कधी आली, कधी गेली) असा रिपोर्ट असेल, तो तारखा टाकून डाऊनलोड करून ठेवा तोवर.

डबा_बसवणारा

काही अ‍ॅप तीन महिन्यांचाच डेटा ठेवतात, त्याआधीचा पुसला जातो. आधी डाऊनलोड करा, चर्चा नंतर.

बारा_टायर

त्या काकांना ३ लिटरचे दिले का परत?

रातपाळी_चाकण

नाही. कापले.